चौदा दिवस, तीन घरं: फायबर टीव्हीच्या फुकट चाचणीच्या नोंदी

२४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

काल भाऊबीज झाली, आज लगेच कमिटीची बैठक. विषय एकच. केबलमामा थांबतो म्हणतायत. बावीस वर्षं आमच्या कोल्हापुरातल्या इमारतीच्या जिन्यातून वायरी ओढल्या, आता गुडघे गेले, गच्चीवर चढवत नाही. भाचा धंदा पुढे चालवेल, पण त्याची अट आहे: इमारतीत किमान दहा कनेक्शन राहिली तरच तो इकडे फिरकणार. दहाच्या खाली कनेक्शन गेली, तर सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर बिघडल्यावर यायचं पेट्रोलही सुटत नाही, म्हणाला. हिशेबाच्या माणसाला हे पटतं.

दुसरीकडे एक फायबरवाली कंपनी गेला महिनाभर मागे लागली आहे. इंटरनेट आणि टीव्ही एकाच तारेतून, चौदा दिवस फुकट वापरून बघा. घरं चोवीस, त्यातली दोन कुलूपबंद, म्हणजे टीव्ही बावीस. त्यातल्या तेरा घरांत ब्रॉडबँड आहे, नऊ घरांत फक्त मोबाईलचं नेट.

ठरलं ते असं. तीन घरांत चाचणी घ्यायची आणि नोंद मी ठेवायची (कारखान्याच्या अकाउंट्समध्ये तीस वर्षं काढल्याची ही शिक्षा). पहिलं घर सरांचं, म्हणजे आमचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी दसऱ्याला ४३ इंची टीव्ही घेतलाय. २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे ते भेटेल त्याला सांगतात. दुसरं घर माझं. तिसरं घर मी हट्टानं घालायला लावलं: तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. वय ८१, टीव्ही डब्याचा २१ इंची, इंटरनेट नाही. कंपनीच्या माणसाचा चेहरा तेवढ्यात पडला. त्याला सगळे सरांसारखेच हवे होते.

२५ ऑक्टोबर, शनिवार. दिवस १

सकाळी दहाची वेळ, मुलं आली साडेबाराला. खांबावरून फायबर खिडकीतून आत घेतली, भिंतीवर ओएनटीची (फायबरमधल्या उजेडाचा सिग्नल करणारी) पांढरी डबी बसवली, तिच्यातून एक लॅनची तार टीव्हीच्या बॉक्सला. सरांकडे आणि माझ्याकडे वीस-वीस मिनिटांत काम झालं.

आजींकडे दीड तास. त्यांच्या टीव्हीला एचडीएमआय नाही. बॉक्सला एव्हीचं बारीक भोक आहे, पण त्याची तार पेटीत नाही. मुलगा म्हणाला, "आता कोण वापरतंय काका हे?" मी खाली राजारामपुरीत जाऊन लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची तार आणली. ९० रुपये. पावती घेतली.

आता फुकटचा हिशेब. डिपॉझिट प्रत्येकी १,५०० रुपये, परत मिळणारं. शिवाय चाचणी सुरू करायला यूपीआय ऑटोपे द्यावाच लागला. एक रुपया कापला आणि परत आला. पण परवानगीच्या पडद्यावर बारीक अक्षरात 'कमाल रक्कम ५,००० रुपये' असं होतं. प्लॅन आहे ५९९ चा, मग ५,००० ची मुभा कशाला? मुलगा म्हणाला सगळीकडे असंच असतं. आजींकडे यूपीआय नाही, त्यांचाही ऑटोपे माझ्याच फोनवरून दिला. ८ नोव्हेंबरला पहिले पैसे कापणार, असं लिहून आलं आहे. कॅलेंडरवर ६ तारखेला लाल गोल केला.

२६ ऑक्टोबर, रविवार. दिवस २

चॅनेल मोजले. जाहिरातीत ३५० च्या वर. सकाळी चहा घेऊन बसलो आणि वहीत रेघा मारल्या. एकच चॅनेल साधा आणि एचडी असा दोनदा धरलाय. भक्तिगीतांचे आणि रेडिओचे आकडे त्यातच. टेलिशॉपिंगवाले सोडले, आपल्याला न कळणाऱ्या भाषांतले सोडले, तर आमच्या घरात जे खरोखर लागतात ते ३१ निघाले. मराठीत झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सन मराठी, बातम्यांचे बहुतेक सगळे आहेत. सह्याद्री आहेच. दूरदर्शनचे ठरावीक चॅनेल दाखवणं प्रत्येक वितरकाला बंधनकारक आहे, त्यामुळे तिथं उपकार नाहीत.

चॅनेल सुटे निवडता येतात का? ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, नवी दरपद्धत १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली तेव्हा आजींची यादी मीच करून दिली होती. १३० रुपयांत १०० चॅनेल, करासकट १५३ रुपये ४० पैसे, वर जे हवं त्याचे वेगळे पैसे. तो कागद अजून त्यांच्या देव्हाऱ्याच्या खणात आहे. ते बंधन केबल, डिश आणि ही आयपीटीव्ही (नेटच्या तारेतून येणारा टीव्ही), सगळ्यांना सारखंच आहे. फोनवरची मुलगी म्हणाली, चाचणीत फक्त पॅक मिळेल, सुट्याचं नंतर बघू.

पहिल्या मजल्यावरच्या बेळगाववाल्या वहिनींनी जिन्यातच अडवलं. "भावजी, कन्नड चॅनेल आहेत का?" नाहीत. महाराष्ट्र पॅक आहे म्हणे. निपाणी इथून तासाभरावर, पण पॅकच्या नकाशात तो दुसरा देश आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार. दिवस ३

संध्याकाळी साडेसात ते दहा ही खरी परीक्षा. सकाळी अकराला सगळंच सुरेख दिसतं.

सरांकडे उत्तम. माझ्याकडे बॉक्सवर उत्तम. मुलगा आपल्या खोलीत तेच चॅनेल कंपनीच्या अ‍ॅपवर वायफायनं बघतो, तिथं साडेआठला चित्र मऊ पडलं. अडकलं नाही, पण मालिकेतल्या सासूबाईंच्या पैठणीचे मोर विरघळले. खोली आणि राऊटरमध्ये दोन भिंती आहेत. राऊटर मधल्या पॅसेजमध्ये आणून ५ गिगाहर्ट्झवर टाकल्यावर सुधारलं.

आजींकडे मात्र वाईट. दर दोन-तीन मिनिटांनी चौकोन चौकोन आणि आवाज तुटतो. त्यांनी तक्रार केली नाही. "नवीन आहे, बसंल हळूहळू," म्हणाल्या. यंत्र म्हणजे नवी सून आहे अशी त्यांची समजूत.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. दिवस ४

सकाळी आजींकडे ओएनटीवर लाल दिवा. फायबरवाल्यांच्या भाषेत 'लॉस लागला', म्हणजे तारेतून उजेड पुरेसा पोचत नाही. दुपारी एक वेगळाच मुलगा आला, कमी बोलणारा. येतानाच हातात उजेड मोजायचा पॉवर मीटर. फायबरचं टोक काढून मीटरमध्ये घातलं: उणे २६.८. मला दाखवलं. "उणे २७ च्या खाली गेलं की बंदच पडतं काका. इथं उणे वीसच्या आसपास पाहिजे."

मग तो तारेमागे चालत गेला आणि खिडकीशी थांबला. शनिवारच्या पोरांनी फायबर सरकत्या काचेच्या चौकटीतून घेतली होती आणि आजी रोज रात्री डासांसाठी ती काच लावतात. काच आणि चौकटीच्या मध्ये तार चेपून काटकोनात वाकली होती. आत केसाएवढी काच असते, तीव्र वाकली की उजेड वळणावरच बाहेर सांडतो. तुटत नाही, त्यामुळे पहिले तीन दिवस सगळे बॉक्सला शिव्या देत बसतात.

त्यानं चौकटीच्या वर भिंतीला भोक पाडलं, टोक कापून नवं जोडलं, जास्तीची तार वाटीएवढ्या गोलात गुंडाळून ठेवली. परत मीटर: उणे १९.४. सोळा मिनिटं लागली. चहा घेतला नाही, पाणी घेतलं. या चाचणीत कंपनीनं पाठवलेला हा एकटा माणूस मला आवडला. पण तो आमच्या गल्लीला कायमचा मिळेल याची खात्री कोण देणार? केबलमामांचा नंबर निदान पाठ आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार. दिवस ५

दुपारी वीस मिनिटं लाईट गेली. परत आल्यावर ओएनटी आणि बॉक्स दोन्ही उठायला एक मिनिट पन्नास सेकंद. जुना केबलचा बॉक्स चाळीस सेकंद घ्यायचा. बाकी काही नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार. दिवस ६

महिला विश्वचषकाची उपांत्य लढत, नवी मुंबईत, समोर ऑस्ट्रेलिया. त्यांनी ३३८ केल्या तेव्हा सर म्हणाले, "झालं." नंतर जेमिमा उभी राहिली आणि सरांनी तो शब्द परत घेतला.

ही नोंद मॅचची नाही, चाचणीची आहे, पण आज दोन्ही एकच झाल्या. हॉलमध्ये आम्ही बॉक्सवर. समोरच्या इमारतीत डिश. मुलगा आणि त्याचे दोन मित्र आतल्या खोलीत अ‍ॅपवर, कारण त्यांना आमच्याबरोबर बसायचं नसतं. अमनजोतचा विजयी फटका बसला तेव्हा आधी समोरची इमारत ओरडली. आम्ही एकमेकांकडे बघतोय तोवर आमच्या पडद्यावर तो फटका आला, आम्ही ओरडलो. आतल्या खोलीत अजून बोलर परत मागे चालत जात होती. मुलगा दार उघडून बाहेर आला. "बाबा, ओरडू नका ना, आमचं अजून व्हायचंय!"

३४१ ला ५, नऊ चेंडू राखून. जेमिमा नाबाद १२७.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. दिवस ७

कालचं मनात राहिलं म्हणून आज स्टॉपवॉच घेऊन मोजलं. बातम्यांचा एकच चॅनेल तीन ठिकाणी लावला: जुनी केबल, नवा बॉक्स, फोनवर अ‍ॅप. निवेदिकेनं कागद उलटला की बटण दाबायचं. दहा वेळा केलं. बॉक्स केबलपेक्षा सरासरी ४ सेकंद मागे. अ‍ॅप ३१ सेकंद मागे.

मंगळवारच्या कमी बोलणाऱ्या मुलाला फोन केला (नंबर ठेवला होता), त्यानं दोन वाक्यांत सांगितलं, उरलेलं मुलानं समजावलं. बॉक्सवर येतो तो मल्टिकास्ट. कंपनीच्या केंद्रातून एका चॅनेलचा एकच प्रवाह निघतो आणि ज्याच्या ज्याच्या घरी तो लावलाय त्याच्याकडे वाटेतल्या यंत्रांतून फुटत जातो, पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यात फोडतात तसा. शंभर घरांनी एकच मालिका लावली तरी मुख्य पाटात पाणी तेवढंच. अ‍ॅपचं तसं नाही. तिथं चित्राचे काही-काही सेकंदांचे तुकडे करून फाइली बनवतात आणि प्रत्येक फोन आपापल्या फाइली स्वतंत्र मागवतो. मध्येच नेट अडखळलं तर चित्र थांबू नये म्हणून तीन-चार तुकडे हातात आल्याशिवाय अ‍ॅप सुरूच करत नाही. सहा-सहा सेकंदांचे तुकडे धरले तरी अठरा-वीस सेकंद तिथंच गेले, वर तुकडा तयार करायचा वेळ. नेट कमी पडलं की तेच अ‍ॅप हलक्या प्रतीचे तुकडे मागवतं. सोमवारी पैठणीचे मोर विरघळले ते यामुळे.

दोन्हीला कंपनी एकाच नावानं 'आमचा टीव्ही' म्हणते. विकताना अ‍ॅप दाखवतात, कारण ते खिशातून काढता येतं. बघायचा असतो बॉक्स.

जाता जाता डेटा: अ‍ॅपवर साधारण ५ एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. सहा तास रोज पाहिलं तर महिन्याला ४०५ जीबी. कंपनीच्या 'अमर्याद' प्लॅनची मर्यादा ३,३०० जीबी आहे. काळजी नको.

१ नोव्हेंबर, शनिवार. दिवस ८

आज ऑफिसात महिनाअखेरचं काम. फक्त आजींकडे डोकावलो. पडद्यावर कडेच्या माणसांची डोकी अर्धी कापलेली. चित्र रुंद, टीव्ही चौकोनी, बॉक्स ते दोन्ही कडा कापून भरतोय. सेटिंगमध्ये जाऊन वर-खाली काळ्या पट्ट्या सोडल्या. आता माणसं पूर्ण दिसतात, पण इतकी लहान की बातम्यांची खालची पट्टी आजींना वाचता येत नाही.

रिमोट दोन झालेत. टीव्हीचा चुकून दाबला की निळा पडदा. बॉक्सच्या रिमोटवर इंग्रजीत बारा ओटीटींची बटणं, आणि आवाजाचं बटण त्यांच्यामध्ये लपलेलं. मी आवाजाच्या दोन बटणांवर कुंकवाचा ठिपका लावला. आजींनी तो पुसून नेलपॉलिशचा लावला. "कुंकू रिमोटला नसतं लावत."

२ नोव्हेंबर, रविवार. दिवस ९

कार्तिकी एकादशी, घरात खिचडी, आणि विश्वचषकाची अंतिम लढत. तीनला सुरू व्हायची ती पावसानं पाचला सुरू झाली. आज सगळ्यांना हॉलमध्येच बसवलं, अ‍ॅप बंद. स्मृती आमच्या शेजारच्या सांगलीची, त्यामुळे तिच्या ४५ धावांना घरात ९० चा मान. शेफाली ८७, दीप्ती ५८ आणि वर पाच बळी. मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीतनं मागे पळत शेवटचा झेल घेतला. ५२ धावांनी विश्वचषक आपला. प्रशिक्षक अमोल मुजुमदार. सर उभे राहून टाळ्या वाजवत होते, एकटेच, पाच मिनिटं.

तांत्रिक नोंद: सलग सात तास बॉक्स चालला, एकदाही अडकला नाही. हे लिहायलाच हवं. अख्खं शहर एकच चॅनेल बघत असताना चित्र हललं नाही. समोरची इमारत चार सेकंद आधी ओरडत होती, पण चार सेकंदांत कोण कुणाचं नुकसान करतं.

३ नोव्हेंबर, सोमवार. दिवस १०

सकाळी साडेसहाला इमारतीत पाणी नाही. टाकी कोरडी.

चौकशी केली तेव्हा कळलं ते असं. शहराच्या केबलवर एक स्थानिक चॅनेल लागतो. दिवसभर गावातल्या बातम्या, देवीच्या आरत्या, शाळांची संमेलनं, आणि खाली सरकणारी पट्टी: कुठं पाणीपुरवठा बंद, कुठला रस्ता बंद, कुणाचं निधन, रक्षाविसर्जन किती वाजता. आजी तो चॅनेल दिवसभर लावून ठेवतात, समोर बसून गवारी मोडतात. पाण्याची पट्टी आली की गॅलरीतून वॉचमनमामांना हाक: "मोटर लाव रे, उद्या पाणी न्हाई!" गेली दहा-बारा वर्षं आमच्या सोसायटीचं पाणीखातं म्हणजे ही हाक. बाकी एकवीस घरांनी आपापल्या टीव्हीवर पट्टी पाहिली असेल-नसेल, कुणी उठलं नाही, कारण आजी सांगतातच.

आजींच्या घरी गेले दहा दिवस नवा बॉक्स. त्यावर तो चॅनेलच नाही.

रविवारी मी ३१ चॅनेल मोजले तेव्हा हा एक माझ्या लक्षात आला नाही. मी मोजत होतो ते कंपनीच्या यादीवरून. यादीत नसलेलं मोजायचं कसं, हा विचारच केला नाही.

टँकर १,२०० रुपये.

४ नोव्हेंबर, मंगळवार. दिवस ११

फोन करून विचारलं, स्थानिक चॅनेल कधी येणार? "सर, आमची यादी मुंबईहून ठरते." मी म्हटलं, मुंबईला कळवा, आमच्या टाकीत पाणी नव्हतं. मुलगी हसली. हसणं मात्र माणसाचं होतं.

आज दर कागदावर मांडले. कंपनीचा प्लॅन ५९९, अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०६ रुपये ८२ पैसे. यात ५० एमबीपीएस नेट आणि टीव्ही.

ज्यांच्याकडे आज ब्रॉडबँड आहे त्यांचे आत्ता जातात नेटचे ५८८.८२ आणि केबलचे ३००, एकूण ८८८.८२. त्यांची महिन्याला १८२ रुपयांची बचत, वर्षाला २,१८४. चांगली आहे, नाकारण्यात अर्थ नाही.

ज्या नऊ घरांत ब्रॉडबँड नाही ती फक्त ३०० देतात. त्यांना महिन्याला ४०६ रुपये ८२ पैसे जास्त, वर्षाला ४,८८१.८४. नुसता टीव्ही देता का विचारलं. नेटशिवाय टीव्ही नाही. म्हणजे आजींनी मालिका बघण्यासाठी इंटरनेट विकत घ्यायचं आणि ते भिंतीवर पांढऱ्या डबीत लुकलुकत ठेवायचं. नऊपैकी सात घरांत पेन्शनीतले दोघं किंवा एकटं माणूस आहे.

संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्यांचा भाचा एक 'ऑफर' घेऊन आला. वर्षाला दीड हजार, जगातले पाच हजार चॅनेल, एक लिंक टाकायची. परवाना कुणाचा, पावती कुठली, बंद पडलं तर कुठं जायचं? "काका, तुम्ही लई प्रश्न विचारता." पुढे लिहायची गरज नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार. दिवस १२

त्रिपुरी पौर्णिमा. पहाटे चार वाजता दाराची बेल. आजी. खांद्यावर शाल, हातात रिमोट. "घाट लागत न्हाई रे."

पंचगंगेच्या घाटावरचा दीपोत्सव. पहाटेच्या अंधारात पायऱ्यापायऱ्यांवर हजारो पणत्या, पाण्यात त्यांची दुसरी रांग. पाय चालत होते तोवर आजी दरवर्षी घाटावर जायच्या, तांब्याच्या ताटलीत वाती घेऊन. गेली सहा वर्षं केबलवर बघतात, त्याच स्थानिक चॅनेलवर. मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर काल रात्रीच व्यवस्था केली असती.

जुना बॉक्स त्यांनी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता, वरच्या खणात, लग्नाच्या शालूखाली. केबलची काळी तार खिडकीशी लोंबकळत होती, टोक हिरवं पडलेलं. चाकूनं खरवडलं, पिन बसवली. नव्या बॉक्सच्या तीन पिना काढल्या, जुन्याच्या घातल्या. पिवळी आणि पांढरी अंधारात उलटी लागली, तर नुसता घूं आवाज. बदलली.

चित्र आलं ते दाणेदार, थोडं थरथरणारं. कॅमेरा कुणाच्या तरी हातात होता, मध्येच एका पोराचं डोकं यायचं. सरांच्या ४३ इंचीवर दाखवायला लाज वाटावी असं. आजींनी पडद्यापुढं एक पणती लावली आणि खुर्ची ओढून बसल्या. मला म्हणाल्या, चहा टाक. मी टाकला.

सहा वाजता घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं, काय झालं? म्हटलं, चाचणी चालू आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दिवस १३

लाल गोलाचा दिवस. बंद करून बघायचं. तिन्ही घरांचं, निर्णय काहीही होवो. पुन्हा घ्यायचं असेल त्यानं पुन्हा घ्यावं. आत जायचं दार सगळे दाखवतात, बाहेर यायचं आपण शोधून ठेवलेलं बरं.

अ‍ॅपमध्ये 'प्लॅन वाढवा' तीन ठिकाणी आहे. 'बंद करा' कुठंच नाही. मदत, मग वारंवार विचारले जाणारे प्रश्न, मग सातवा प्रश्न, त्याचं उत्तर: ग्राहक सेवेला फोन करा. फोनवर अकरा मिनिटं बासरी. मग एक गृहस्थ, ते मला एक महिना निम्म्या दरात देतो म्हणाले. नको. दोन महिने? नको. कारण काय? कारण सांगणं बंधनकारक आहे का? लाईन कट.

दुसऱ्या फोनला तयारीनं बसलो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ३० नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा प्रकारांवर. त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे. बंद करण्याचा पर्याय लपवणं त्यात येतं आणि फुकट सेवेसाठी ऑटोपेची सक्ती करणंही येतं. म्हणजे पहिल्या दिवशी एक रुपया कापला तेव्हाच एक कलम लागलं होतं. हे शांतपणे वाचून दाखवलं आणि म्हटलं, पुढचा फोन १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला. चार मिनिटांत तिन्ही कनेक्शनचे तक्रार क्रमांक मिळाले.

त्यावर विसंबलो नाही. फोनच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन माझी आणि आजींची परवानगी रद्द केली. तिथं ते दोन टिचक्यांत होतं. सरांना म्हटलं तुम्हीही करा. संध्याकाळी करतो म्हणाले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. दिवस १४

सरांनी केली नव्हती. सकाळी त्यांना मेसेज: उद्या ७०६.८२ कापले जातील. अशी सूचना चोवीस तास आधी द्यावी लागते, रिझर्व्ह बँकेचा नियम. तो नसता तर गेलेच होते. चष्मा शोधण्यात दहा मिनिटं गेली, मग रद्द केली. काल ग्राहक सेवेनं 'बंद झालं' म्हणून क्रमांक दिला होता, तरीही वसुलीचं चाक चालूच होतं. वहीत अधोरेखित केलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

कुणाचेही पैसे कापले गेले नाहीत. संध्याकाळी बैठक.

मी वाचून दाखवलं: चित्र चांगलं, बॉक्स भरवशाचा, अ‍ॅप मागे. फायबर जोडणारा माणूस चांगला मिळाला तर सगळं चांगलं. कन्नड नाही, गावचा चॅनेल नाही, सुटे चॅनेल कागदावर. घेणाऱ्यांनी यूपीआयची परवानगी न देता दर महिन्याला बिल भरावं, हा माझा आग्रह.

ब्रॉडबँडवाल्या तेरांपैकी अकरा घरं फायबर टीव्ही घेणार. सरही त्यात. नऊपैकी एका घरानं डीडी फ्री डिश लावायचं ठरवलं. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं भाडं नाही. उरली आठ घरं केबलवर. बेळगाववाल्या वहिनी कन्नडसाठी केबलवर. झाली नऊ.

केबलमामांच्या भाच्याला दहा हवीत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अकाउंटंट आहे, १८२ रुपयांचं गणित मीच फळ्यावर मांडलं होतं.

हॉलमधला टीव्ही केबलवर ठेवला. मुलगा आतल्या खोलीत काय ते बघू दे, एकतीस सेकंद उशिरानं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बॉक्स आणि ओएनटी नेले. तिन्हींची पोच घेतली, अनुक्रमांक जुळवून. डिपॉझिट सात दिवसांत येणार, तीन गुणिले १,५००, येईपर्यंत येणे बाजूला. आजींच्या भिंतीतलं फायबरचं भोक पुट्टीनं बुजवलं. आजींनी नेलपॉलिश लावलेला रिमोट परत द्यायला नकार दिला. मुलगा म्हणाला, पुसून द्या. मग त्यांनीच रॉकेलच्या बोळ्यानं पुसून दिला.

टँकरचे १,२०० सोसायटीच्या पाणी खात्यात टाकले. लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारेचे ९० रुपये राहिलेत. तार आता आजींच्या जुन्या बॉक्सला लावली आहे, आधीच्यापेक्षा चित्र बरं येतं. हा खर्च सोसायटीचा, आजींचा की माझा, हे सर रविवारी सांगणार.